तो 'ग्रास' आहे, म्हणजे नक्की कोण? ग्रीनचा स्लँग कोश खबऱ्यांवर तपासून पाहताना

ब्रिटिश पोलीस मालिकेत एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, 'ही इज अ ग्रास'. अमेरिकन तुरुंगाच्या अंगणात कुजबूज होते, 'समबडी ड्रॉप्ड अ डाइम'. बेलफास्टच्या भिंतीवर रंगवलेलं दिसतं, 'टाउट्स विल बी शॉट'. तिन्ही ठिकाणी विषय एकच: आतली खबर बाहेर देणारा माणूस. मराठी उपशीर्षकं लिहिणाऱ्याने तिन्ही ठिकाणी 'खबऱ्या' लिहिलं तर काम भागतं. पण पहिल्यातली तुच्छता, दुसऱ्यातली गुपचूप केलेली करणी आणि तिसऱ्यातली मरणाची धमकी वाटेतच गळून पडते. आणि 'खबऱ्या'सुद्धा न लिहिता नेहमीच्या शब्दकोशावर विसंबून राहिलं तर आणखी पंचाईत होते. गवत, नाणं आणि दलाल, एवढंच हाती लागतं.

अशा शब्दांसाठी इंटरनेटवर आज सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे 'ग्रीन्स डिक्शनरी ऑफ स्लँग'. जोनाथन ग्रीन या ब्रिटिश कोशकाराचं हे काम २०१० मध्ये तीन जाडजूड खंडांत छापून आलं. पानं सहा हजारांहून अधिक. २०१६ मध्ये ते संकेतस्थळावर आलं. सुरुवातीला शब्द आणि अर्थ फुकट आणि उदाहरणांसाठी वर्गणी, अशी सोय होती. २०१८ पासून सगळंच मोफत आहे. इंग्रजीतल्या बोलीच्या, गल्लीतल्या आणि गुन्हेगारी जगातल्या शब्दांचा सुमारे पाचशे वर्षांचा साठा फुकट मिळतो, हा सौदा वाईट नाही. पण भाषांतरकाराच्या हातात हे हत्यार कितपत चालतं, ते पाहायला 'खबऱ्या' या एकाच अर्थाच्या शब्दांची परीक्षा घ्यावी. या अर्थाला इंग्रजीत जितकी रूपं आहेत तितकी फार थोड्या अर्थांना असतील.

आधी नोंद वाचायची कशी ते. शब्द शोधला की बऱ्याचदा एकसारख्या स्पेलिंगच्या तीन-चार वेगळ्या नोंदी समोर येतात, आकडे लावलेल्या. पहिलीच नोंद वाचून थांबू नये, बहुतेक चुका इथेच होतात. नोंदीच्या सुरुवातीला चौकटी कंसात व्युत्पत्ती असते, मग क्रमाने अर्थ, आणि प्रत्येक अर्थाखाली वर्षवार छापील उदाहरणं. उदाहरणं मिटलेली असतात, ती उघडावी लागतात. अर्थाच्या आधी कंसात जी लेबलं येतात ती सोडू नयेत. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया ही लगेच कळतात. 'अंड.' हे संक्षिप्त रूप मात्र अनेकांना अडवतं. ते अंडरवर्ल्डचं आहे, म्हणजे हा शब्द चोरांच्या आपसांतल्या बोलीतला. असं लेबल असलेला शब्द पांढरपेशा पात्राच्या तोंडी आला असेल तर ते पात्र मुद्दाम टगेगिरीचा आव आणतं आहे, आणि मराठीत तसाच आव दिसायला हवा.

पहिला पेपर 'नार्क'चा. इंग्रजीत हा दोन स्पेलिंगांनी लिहिला जातो, शेवटी 'के' किंवा शेवटी 'सी', आणि उच्चार सारखाच. 'के'वाला ब्रिटिश. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तो पोलिसांचा पगारी खबऱ्या या अर्थाने छापील पुराव्यात आहे, 'कॉपर्स नार्क' या जोडशब्दात तर हमखास. 'सी'वाला अमेरिकन. 'नार्कॉटिक्स' या शब्दाचा शेंडा छाटून तो १९६० च्या दशकात रूढ झाला आणि मुळात खबऱ्या नव्हताच. तो होता अंमली पदार्थविरोधी पथकाचा अधिकारी, बहुधा वेष पालटून आलेला. म्हणजे एका स्पेलिंगमध्ये माणूस पोलिसांना माहिती विकतो, दुसऱ्यात तो स्वतःच पोलीस असतो. पुढे अमेरिकन पोरांनी या दुसऱ्याचं क्रियापद केलं आणि 'डोन्ट नार्क ऑन मी' म्हणजे 'माझी चहाडी करू नकोस' एवढाच अर्थ उरला, त्यात ड्रग्जचा संबंध नाही. त्यात भर म्हणजे ब्रिटनमध्ये 'नार्क्ड' म्हणजे चिडलेला, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 'नार्क' म्हणजे सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालणारा. ग्रीनचा कोश या सगळ्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, इथे त्याला पैकीच्या पैकी.

व्युत्पत्तीचा भाग मराठी वाचकाला विशेष गोड लागेल. 'के'वाला नार्क रोमानी भाषेतल्या 'नाक' या शब्दावरून आला असावा, असं जुने कोशकार सांगत आले. रोमानी ही युरोपातल्या रोमा लोकांची भाषा, मूळची भारतातली, आणि तिच्यातलं 'नाक' म्हणजे आपलंच नाक. ही व्युत्पत्ती सिद्ध झालेली नाही, 'असावा'च्या पुढे जाऊ नये. पण तिला आधार देणारी एक गंमत इंग्रजीतच आहे. 'नोझ' म्हणजे नाक, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस 'नोझ' म्हणजे खबऱ्या. 'स्नाउट' म्हणजे डुकराचं नाकाड, आणि विसाव्या शतकातल्या लंडनच्या डिटेक्टिव्हांच्या बोलीत 'स्नाउट' म्हणजे खबऱ्या. 'स्निच' आधी नाकावरची टिचकी आणि नाक, मग खबऱ्या. १७८५ च्या फ्रान्सिस ग्रोसच्या कोशात तो खबऱ्या म्हणून नोंदलेला आहे. हुंगत हुंगत माग काढणारं नाक इंग्रजांनी या माणसाला दिलं. मराठीत आपण नाक दुसऱ्याच्या भानगडीत खुपसतो, आणि चहाडी ऐकणाऱ्याला हलक्या कानाचा म्हणतो. सांगणाऱ्याला मराठीत अवयव नाही.

'स्नाउट' वापरताना एक सावधगिरी हवी: ब्रिटिश तुरुंगात याच शब्दाचा अर्थ तंबाखू. कैदी 'गॉट एनी स्नाउट?' विचारत असेल तर तो विडीकाडी मागतो आहे, खबऱ्याचा पत्ता नाही. आणि 'स्निच'चं क्रियापद कधी कधी किरकोळ वस्तू लंपास करणं या अर्थानेही येतं. अमेरिकन तुरुंगांत 'स्निच जॅकेट' म्हणजे कुठलाही कोट नव्हे. एखाद्यावर खबऱ्या असल्याचा शिक्का बसणं, बऱ्याचदा खोटाच, म्हणजे ते जॅकेट. हे जॅकेट अंगावर चढलं की त्या कैद्याला मुक्काम हलवून मागावा लागतो.

आता 'ग्रास'. इथे कोशाचा खरा उपयोग कळतो. अमेरिकन पात्र 'ग्रास' म्हणालं तर तो गांजा, ब्रिटिश पात्र म्हणालं तर खबऱ्या. नुसतं 'ग्रास' पाहून काहीच ठरत नाही, आधी पात्राचा देश पाहावा. ब्रिटिश अर्थ १९३० च्या दशकाच्या आसपासचा. त्यामागे लंडनची यमकबोली आहे असं मानतात: 'ग्रासहॉपर' म्हणजे टोळ, त्याचं यमक 'कॉपर' म्हणजे पोलीस किंवा 'शॉपर' म्हणजे विकून टाकणारा, आणि मग यमकाचा शेवट गाळून नुसता 'ग्रास'. 'स्नेक इन द ग्रास', गवतातला साप, हाही दावेदार आहे. मराठीत त्याला नेमका जोड मिळतो, अस्तनीतला निखारा. पण तो वाक्प्रचार गुन्हेगाराच्या तोंडी फार मास्तरी वाटतो, तिथे 'फितूर' बरा. क्रियापद 'ग्रास अप' आणि 'ग्रास ऑन'. पहिल्यात माणूस थेट येतो, 'ही ग्रास्ड मी अप', त्याने माझं नाव फोडलं. मराठीत 'नाव फोडणं' हे इथे नुसत्या 'माहिती दिली'पेक्षा दसपट चांगलं बसतं.

याच शब्दाचं 'सुपरग्रास' हे वाढीव रूप म्हणजे फक्त 'मोठा खबऱ्या' नव्हे. लंडनचा बँकदरोडेखोर बर्टी स्मॉल्स याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या सुटकेच्या बदल्यात साथीदारांची नावं दिली आणि न्यायालयात उभं राहून साक्ष दिली. त्याच्यासारख्यांसाठी हा शब्द रुळला. उत्तर आयर्लंडमध्ये तर त्यावर खटल्यांची एक मालिकाच उभी राहिली. ख्रिस्तोफर ब्लॅक नावाच्या एका माफी मिळालेल्या सुपरग्रासच्या साक्षीवर ऑगस्ट १९८३ मध्ये २२ जणांना शिक्षा झाल्या, सगळ्यांची बेरीज ४,००० वर्षांच्या वर. जुलै १९८६ मध्ये अपिलात त्यांतल्या १८ जणांचे दोष रद्द झाले. म्हणजे सुपरग्रास हा पडद्याआडचा माणूस नाही, तो साक्षीच्या पिंजऱ्यात दिसतो. मराठीत त्याला घडवलेला, तयार शब्द आहे: माफीचा साक्षीदार. स्लँगला कायद्याचा शब्द लावणं एरवी वाईट, पण मराठी वृत्तपत्रांनी हा शब्द इतका वापरला आहे की तो इथे आता परका वाटत नाही.

इथेच ग्रीनच्या कोशाची मोठी उणीव उघडी पडते. माफीच्या साक्षीदारासाठी भारतीय कायद्याच्या इंग्रजीत रोज वापरला जाणारा शब्द आहे 'अप्रूव्हर'. कायद्याचा शब्द असल्यामुळे स्लँगच्या कोशात तो नसणं साहजिक आहे, पण भाषांतरकाराला त्याची गरज पदोपदी पडते. मुंबईच्या न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये डेव्हिड हेडलीला २६/११ च्या खटल्यात अप्रूव्हर केलं तेव्हा मराठी बातम्यांत 'माफीचा साक्षीदार' असंच आलं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४३ खाली. परदेशी वाचकाला 'अप्रूव्हर' म्हणजे संमती देणारा साहेब वाटतो. 'इन्फॉर्मंट'चं तसंच. भारतीय पोलीस ठाण्यात इन्फॉर्मंट म्हणजे प्रथम खबर देणारा, उघडपणे सही करणारा फिर्यादी. अमेरिकन पोलिसांचा 'कॉन्फिडेन्शियल इन्फॉर्मंट' म्हणजे नाव झाकलेला खबऱ्या. एकाचं नाव कागदावर ठळक, दुसऱ्याचं कागदावरून पुसलेलं. दोघांना एकच मराठी शब्द दिला तर फिर्यादीचा खबऱ्या होतो, आणि असा घोळ छापील पुस्तकांतही दिसतो.

'टाउट'वर जरा थांबायला हवं, कारण मराठी वाचक सगळ्यात जास्त इथेच फसतो. आपल्याकडे टाउट म्हणजे रेल्वेच्या तिकीटखिडकीजवळचा, आरटीओबाहेरचा किंवा कोर्टाच्या आवारातला दलाल. हा अर्थ नुसता बोलण्यातला नाही. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स कायद्याच्या कलम ३६ मध्ये न्यायालयांनी टाउटांच्या याद्या लावाव्यात अशी तरतूद होती, आणि २०२३ मध्ये तो कायदा रद्द करताना तीच तरतूद अॅडव्होकेट्स कायद्यात कलम ४५-अ म्हणून आणली. इंग्लंडमध्ये टाउट म्हणजे सामन्याची तिकिटं काळ्या बाजारात विकणारा, किंवा घोड्यांच्या शर्यतीआधी सकाळच्या सरावावर लपून नजर ठेवणारा आणि ती माहिती विकणारा. या नजर ठेवण्यातच खबऱ्याचं बीज आहे. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र टाउट म्हणजे शत्रूला खबर देणारा, आणि त्याची शिक्षा मृत्यू. डिसेंबर १९७२ मध्ये बेलफास्टमधून दहा मुलांची आई जीन मॅकॉनव्हिल हिला टाउट ठरवून पळवून नेलं आणि ठार मारलं. मृतदेह २००३ मध्ये एका किनाऱ्यावर सापडला, आणि २००६ मध्ये पोलीस लोकपालांनी सांगितलं की ती खबऱ्या असल्याचा कुठलाही पुरावा नव्हता. त्या शहराच्या पार्श्वभूमीवरच्या संवादात 'टाउट'ला 'चहाडखोर' लिहिणं म्हणजे दातखिळी बसवणाऱ्या वाक्याचं शाळकरी भांडण करणं. 'गद्दार' किंवा 'फितूर' लिहावं. 'दलाल' लिहिलं तर दृश्याचा बट्ट्याबोळ.

ग्रीनचा कोश टाउटच्या ब्रिटिश आणि आयरिश अर्थांना न्याय देतो. भारतीय अर्थासाठी त्याच्याकडे जाऊ नये, आजच्या भारतीय इंग्रजीला या कोशात फार कमी जागा आहे.

खबऱ्याला प्राणी-पक्षी चिकटवणं ही इंग्रजीची जुनी खोड. 'स्टूल पिजन' हा अमेरिकन, एकोणिसाव्या शतकातला. कबुतरांच्या शिकारीत एक कबुतर दांडीला किंवा बैठकीला बांधून फडफडवायचं, त्याला पाहून थवा खाली उतरला की जाळं टाकायचं. 'स्टूल' म्हणजे बसायचं स्टूल की आमिषाच्या पक्ष्यासाठीचा जुना शब्द 'स्टेल', यावर मतभेद आहेत. महत्त्वाचं असं की मूळ अर्थ आमिषाचा आहे, सांगण्याचा नंतरचा. आपल्याकडे छाप्याआधी पोलीस जो बनावट गिऱ्हाईक पाठवतात, ज्याला 'पंटर' म्हणतात, तो या मूळ अर्थाला अगदी जवळचा. पण आजच्या अमेरिकन संवादात 'स्टूली' म्हणजे साधा खबऱ्याच, पंटर नव्हे. कोशातली उदाहरणं वर्षवार वाचली की हा उतार स्पष्ट दिसतो.

'सिंग' आणि 'कॅनरी': पकडला गेलेला गुन्हेगार कॅनरी पक्ष्यासारखा गाऊ लागतो. याला मराठीत शोधाशोध नको. 'पोलिसी खाक्या दाखवताच तो पोपटासारखा बोलू लागला' हे वाक्य मराठी गुन्हेवार्तेत इतक्या वेळा छापलं गेलं आहे की ते टाइप करून ठेवलेलं असावं. पक्षी बदलला, अर्थ जिथल्या तिथे. फक्त 'त्याचा पोपट झाला' असं लिहू नये, तो भलताच प्रकार. जुन्या जॅझच्या जगातल्या कथेत 'कॅनरी' म्हणजे गाणारी बाई असते, तेही ध्यानात ठेवावं.

'रॅट' आणि 'फिंक' ही जोडी संपाच्या दारातून आली, आणि याकडे बहुतेक भाषांतरकार दुर्लक्ष करतात. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन छापखान्यांत ठरलेल्या दरापेक्षा कमी मजुरीवर काम करणारा तो 'रॅट'. आजही अमेरिकेत कामगार संघटना बांधकामाच्या जागेबाहेर 'स्कॅबी' नावाचा फुगवलेला अवाढव्य उंदीर उभा करतात. त्याची सुरुवात १९९० मध्ये शिकागोत झाली. तिथला उंदीर खबऱ्या नाही, संघटनेबाहेरचे मजूर लावणारा ठेकेदार आहे. 'फिंक'ही विसाव्या शतकाच्या आरंभी संपफोड्या आणि मालकाचा हेर अशा दोन्ही अर्थांनी येतो. पिंकर्टन या खासगी डिटेक्टिव्ह कंपनीच्या माणसांनी १८९२ च्या होमस्टेड पोलाद संपात कामगारांशी लढाई केली, त्या 'पिंक'वरून 'फिंक' आला अशी कथा सांगतात. कथा चांगली आहे, पुरावा कच्चा आहे. मराठीत 'उंदीर' शब्दाला दगाबाजीचा वास नाही, तो फार तर भित्रा. म्हणून 'यू रॅट'ला 'उंदरा' लिहिलं की प्रेक्षक हसतो. माफियाच्या तोंडी 'घरभेद्या', संपाच्या दृश्यात 'मालकाचा माणूस'. सूर्याजी पिसाळाला मात्र न्यूयॉर्कला पाठवू नये, तसं एका जुन्या डबिंगच्या धाटणीत होत असे आणि त्याने भलतंच हसू येतं.

'ड्रॉप अ डाइम' हा शब्दप्रयोग तंत्राचा अवशेष आहे. अमेरिकेत सार्वजनिक फोनचा दर १९५१ च्या सुमारास पाच सेंटांवरून दहा सेंटांवर गेला. दहा सेंटांचं नाणं म्हणजे डाइम. पेटीत नाणं टाकून पोलिसांना निनावी फोन करणं, तेच हे. कोश हे नीट सांगतो. पण बास्केटबॉलच्या समालोचनात 'ही ड्रॉप्ड अ डाइम' म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा अफलातून पास दिला. आणि तुरुंगात 'डाइम' म्हणजे दहा वर्षांची शिक्षा. एकच नाणं, तीन मैदानं. मराठीत 'फोन फिरवला' किंवा 'पोलिसांना टिप दिली' चालतं. 'टिप' मराठीत इतका रुळला आहे की त्याला सोवळं पाळायची गरज नाही.

शाळेच्या आवारातले शब्द सगळ्यात कमी धोक्याचे वाटतात आणि सगळ्यात जास्त चुकतात. अमेरिकेत 'टॅटलटेल', ब्रिटनमध्ये 'टेलटेल' आणि 'स्नीक', स्कॉटलंडमध्ये 'क्लाइप', ऑस्ट्रेलियात 'डॉबर'. सगळे चहाडखोर, चुगलखोर. पण 'डॉबर' स्कॉटलंडमध्ये नेऊन ठेवला की तो अश्लील शिवी होतो, मूर्खाला हासडायची. ऑस्ट्रेलियात तोच शब्द सरकारी मोहिमेत चालतो: 'डॉब इन अ डीलर', ड्रग्ज विकणाऱ्याची खबर द्या. मैत्रीखातर तोंड न उघडण्याला मान असलेल्या देशात पोलिसांना हाच शब्द घ्यावा लागला, यावरून त्याची पकड कळते. 'फिझगिग' हा तिथला जुना पोलिसी शब्द आता ऐतिहासिक कथेतच शोभतो, आणि ऑस्ट्रेलियन तुरुंगात 'डॉग' म्हणजे कुत्रा नव्हे, तोंड उघडलेला कैदी.

यांसाठी ग्रीनच्या जोडीला तीन मोफत कोश उघडे ठेवावेत. स्कॉट्ससाठी 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज', ऑस्ट्रेलियासाठी 'ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी', आणि दक्षिण आफ्रिकेसाठी 'डिक्शनरी ऑफ साउथ आफ्रिकन इंग्लिश'. शेवटच्यात 'इंपिंपी' सापडतो, वर्णद्वेषाच्या काळात सरकारला खबर देणाऱ्या काळ्या माणसासाठीचा शब्द. त्या काळी या आरोपावरून लोकांना गळ्यात पेटता टायर घालून मारलं गेलं. याला 'चुगलखोर' म्हणून कसं चालेल? व्युत्पत्ती झटपट पाहायला 'एटिमॉनलाइन' ठीक. 'अर्बन डिक्शनरी' १९९९ पासून आहे आणि तिथे कुणीही काहीही लिहितं. गेल्या दोन-तीन वर्षांतला शब्द तिथे आधी सापडतो, पण अर्थ किमान तीन नोंदींत जुळल्याशिवाय घेऊ नये, आणि व्युत्पत्ती तर कधीच नाही.

ग्रीनच्या कोशाबद्दलची मुख्य तक्रार आता. व्याख्या फार आखूड आहेत. स्नाउट असो, स्निच असो, ग्रास असो, समोर येतं 'इन्फॉर्मर' किंवा 'पोलीस इन्फॉर्मर', विषय संपला. भाषांतरकाराला हवं असतं ते वेगळं: हा माणूस पैसे घेऊन सांगतो, की स्वतःची शिक्षा टाळायला, की मास्तरांची मर्जी मिळवायला? तो टोळीतलाच आहे, की बाहेरून पेरलेला? शब्द त्याच्या तोंडावर म्हणतात, की पाठीमागे? पोलीस म्हणतो, की चोर? लंडनचा डिटेक्टिव्ह स्वतःच्या माणसाला 'माय स्नाउट' म्हणतो तेव्हा त्यात आपलेपणा असतो, मराठी पोलीस 'माझा खबरी' म्हणतो तसा. तोच डिटेक्टिव्ह त्याला 'ग्रास' सहसा म्हणत नाही, ते चोरांचं तोंड. ही उत्तरं कोशात आहेत, पण व्याख्येत नाहीत, उदाहरणांत आहेत. म्हणून किमान चार-पाच उदाहरणं उघडून वाचल्याशिवाय शब्द पक्का करू नये, आणि प्रसंगाच्या काळाच्या आगेमागे वीस वर्षांतली उदाहरणं मिळाली तर उत्तम. शेवटचं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं असेल तर शब्द मेलेला समजावा. 'पीच' तसा. जुन्या कादंबरीत 'ही पीच्ड ऑन अस' दिसलं तर फळ शोधू नये, तो आरोप करणं या अर्थाच्या 'इंपीच'चा भाऊ आहे, आणि आजच्या पात्राच्या तोंडी तो घालणं म्हणजे रिक्षावाल्याला बखरीची भाषा बोलायला लावणं.

तारखांबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. पहिल्या उदाहरणाचं वर्ष म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, तो छापील कागदावर सापडल्याचं वर्ष. चोरांची बोली कागदावर उशिराच येते. संकेतस्थळावर भर पडत असते, त्यामुळे २०१० च्या छापील खंडातली तारीख आणि इथली तारीख वेगळी दिसू शकते. वेगळी असल्यास संकेतस्थळाची घ्यावी.

बाकी किरकोळ गोष्टी. उच्चार मिळत नाहीत, आणि देवनागरीत लिहिणाऱ्याला ते लागतातच, त्यासाठी दुसरा कोश हवा. प्रगत शोधात व्याख्येतला शब्द टाकून उलटा शोध घेता येतो, पण 'इन्फॉर्मर' टाकलं तर यादी आवरत नाही, देश आणि काळ लावून चाळावी लागते. उदाहरणांतली भाषा मोकळी आहे, शिव्या, वांशिक अपशब्द सगळं तसंच्या तसं, शाळेच्या वर्गात पडद्यावर दाखवायचा हा कोश नाही. 'व्हिसलब्लोअर' (संस्थेतला गैरप्रकार उघड करणारा) यासारखा प्रतिष्ठित झालेला शब्द इथे शोधत बसू नये, १९७० च्या दशकात अमेरिकन ग्राहकहक्क कार्यकर्ते राल्फ नेडर यांनी त्याला मान मिळवून दिला तेव्हापासून तो स्लँग राहिलेला नाही. मराठीने त्याला रात्री गावाची राखण करणाऱ्या 'जागल्या'चं नाव दिलं, आणि मूळ इंग्रजी शब्दापेक्षा ते सरस आहे.

उपशीर्षकाच्या एका ओळीत साधारण चाळीसेक अक्षरं बसतात, त्यामुळे 'माफीचा साक्षीदार' दर वेळी परवडत नाही. एका भागात तो एकदा पूर्ण लिहावा, पुढे 'फुटलेला' किंवा 'फितूर'वर यावं. 'खबऱ्या' आणि 'खबरी' यांतही फरक ठेवता येतो: पोलिसाच्या तोंडी 'खबरी', गुन्हेगाराच्या तोंडी 'खबऱ्या'. शेवटच्या 'ऱ्या'त तुच्छता आपोआप येते.

छापील तीन खंड एखाद्या ग्रंथालयात दिसले तर चाळून जरूर पाहावेत, विकत घेण्याची गरज नाही. महाग आहेत, जुने झाले आहेत, आणि 'नार्क'वरून 'स्निच'वर जायचं म्हटलं तरी खंड बदलावा लागतो.